पेशींचा प्रवास आणि पडद्यावरील चित्र : कर्करोगाचा प्रसार रुग्णाला कसा समजवावा?

कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडतो आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येतो. हाती तपासण्यांचे कागद असतात. परंतु त्याला जे विचारावयाचे असते ते कागदांत नसते. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण विचारतो, "जखम गालात आहे, मग मान कशासाठी कापायची? मानेला तर काही लागत नाही." स्तनातील गाठीसाठी आलेल्या रुग्णेची सासू किंवा जाऊ विचारते, "सुई घातली की रोग अंगभर पसरतो म्हणतात, खरे का?" दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच उणीव आहे. हा रोग पसरतो हे सर्वांना ठाऊक असते. तो कसा पसरतो याचे चित्र मात्र कोणाच्याही डोळ्यांपुढे नसते.

अशा वेळी वैद्याच्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून असते. उत्तर संदिग्ध मिळाले तर रुग्ण "थोडे दिवस बघू" असे म्हणून थांबतो, आणि हे थोडे दिवस पाहता पाहता दोन-तीन महिन्यांचे होतात. उत्तर स्पष्ट मिळाले, तर तोच रुग्ण पुढील सोमवारी शस्त्रकर्मतज्ज्ञापुढे बसलेला असतो. रुग्णाचा विश्वास आपल्यावर असतो म्हणूनच ही जबाबदारी आपली आहे.

गेल्या वीस वर्षांत या कामासाठी एक साधन हाती आले आहे. पेशींच्या पातळीवरील घडामोडी संगणकाच्या साहाय्याने रेखाटून हलत्या चित्रांच्या रूपाने दाखविणारे वैज्ञानिक ॲनिमेशन आज प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीवर पाहता येते. हे साधन काय दाखविते, कोठे दिशाभूल करते आणि चिकित्सालयात त्याचा उपयोग कसा करावा, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, ॲनिमेशन आपणहून काही शिकवीत नाही. जाणकार वैद्याने ते थांबवत थांबवत, स्वतःच्या शब्दांत उलगडून दाखविले तर ते शिकविते. नुसते लावून दिले तर बहुधा भीतीच वाढविते.

शब्दाकडून चित्राकडे

कर्करोगाच्या दूरस्थ प्रसाराला 'मेटास्टॅसिस' ही संज्ञा फ्रेंच वैद्य जोसेफ रेकामिए यांनी १८२९ मध्ये योजिली. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील थॉमस ॲशवर्थ यांनी कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतील पेशींसारख्याच दिसणाऱ्या पेशी पाहिल्या. पेशी रक्तातून प्रवास करीत असाव्यात या अनुमानाला त्यामुळे आधार मिळाला. पुढे १८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. त्यांना असे आढळले की दुय्यम गाठी शरीरात कोठेही, योगायोगाने पडल्यासारख्या विखुरलेल्या नसतात. यकृतासारख्या काही अवयवांत त्या वारंवार आढळतात, तर प्लीहेत क्वचितच. रक्त तर दोन्हीकडे जाते. यावरून त्यांनी बीज आणि भूमी यांचा सिद्धांत मांडला. बी वाऱ्याने सर्वत्र जाते, पण रुजते ते अनुकूल जमिनीतच.

या सिद्धांताला प्रायोगिक पुष्टी मिळण्यास जवळजवळ शतक लागले. १९८० मध्ये इयान हार्ट व आयझेया फिडलर यांनी उंदरांच्या अंगात फुप्फुस, बीजांडकोश आणि वृक्क यांच्या ऊतींचे तुकडे रोपण केले व नंतर रक्तात मेलानोमाच्या पेशी सोडल्या. फुप्फुसाच्या आणि बीजांडकोशाच्या तुकड्यांत गाठी झाल्या. वृक्काच्या तुकड्यात झाल्या नाहीत.

जिवंत पेशी हलताना पाहण्याचा इतिहासही जुनाच आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील रोनाल्ड कँटी यांनी १९२० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाला चलच्चित्रक जोडून पेशींच्या हालचाली चित्रित केल्या. तासन् तास चालणारी क्रिया पडद्यावर काही मिनिटांत दिसू लागली. १९५० च्या दशकात मायकेल ॲबरक्रॉम्बी यांनी अशाच चित्रणावरून दाखवून दिले की निरोगी पेशी शेजारच्या पेशीला स्पर्श होताच त्या दिशेने सरकणे थांबविते, तर दुष्ट गाठीच्या पेशी हे शेजारधर्माचे बंधन पाळीत नाहीत. त्यानंतर चकाकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचा शोध लागला. या शोधासाठी शिमोमुरा, चाल्फी व त्सिएन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रथिनामुळे जिवंत प्राण्याच्या शरीरात सरकणारी एकेक कर्कपेशी प्रत्यक्ष पाहता येऊ लागली.

वैज्ञानिक ॲनिमेशन हे अशा प्रत्यक्ष निरीक्षणांवर उभे असते. २००६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठासाठी एक्सव्हिवो या संस्थेने 'इनर लाइफ ऑफ द सेल' ही सुमारे आठ मिनिटांची चित्रफीत तयार केली आणि या क्षेत्राकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. तिचा विषय कर्करोग नव्हे. रक्तातील एक श्वेतकण वाहिनीच्या भित्तीवर घरंगळत येतो, तेथे चिकटतो, चपटा होतो आणि दोन पेशींच्या फटीतून शोथाच्या जागी बाहेर पडतो, एवढेच तिचे कथानक आहे. परंतु वैद्यांनी ती अवश्य पाहावी, कारण वाहिनीतून बाहेर पडण्यासाठी कर्कपेशीही बरीचशी हीच रीत वापरते. शरीराने स्वतःच्या रक्षकांसाठी ठेवलेली वाट ती वापरते. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या शिक्षणकेंद्राने तयार केलेल्या 'इनसाइड कॅन्सर' या मालिकेत कर्करोगाचीच लक्षणे अशा चित्रांतून क्रमाने मांडली आहेत.

प्रवासाचे टप्पे

चांगल्या ॲनिमेशनचा मोठा गुण हा की ते 'पसरणे' या एका धूसर क्रियापदाचे टप्पे पाडून दाखविते. तोंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊन हे टप्पे पाहू.

पहिला टप्पा सुटण्याचा. गालाच्या आतील श्लेष्मल त्वचेच्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरून असतात. कर्कपेशींत हे प्रथिन घटते वा निकामी होते, पकड सैल होते आणि पेशी एकेकट्या किंवा लहान समूहाने सुट्या होऊ लागतात.

दुसरा टप्पा बांध फोडण्याचा. या त्वचेच्या तळाशी आधारपटल नावाचा अतिशय पातळ पडदा असतो. विकृत पेशी जोपर्यंत या पडद्याच्या वर आहेत, तोपर्यंत रोग मूळ जागीच कोंडलेला असतो. पेशी आणि त्यांच्या आसपासच्या ऊती प्रथिने विरघळविणारी विकरे स्रवतात आणि पडद्याला छिद्र पडते. येथून पुढे खोलीला महत्त्व येते. म्हणूनच २०१८ पासून लागू झालेल्या अमेरिकी वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कर्करोगाची अवस्था ठरविताना जखमेच्या लांबी-रुंदीबरोबर ती किती खोल गेली आहे हेही मोजले जाते.

तिसरा टप्पा वाहिनीत शिरण्याचा. लसीकावाहिन्यांच्या भित्ती पातळ व सैल असतात. त्यामुळे तोंडातील कर्कपेशी बहुधा आधी त्यांत शिरतात आणि मानेतील लसीकाग्रंथींत पोचतात. काही पेशी रक्तवाहिन्यांत शिरतात. गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या गाठ स्वतःच घडवून आणते, ही कल्पना जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली होती. या नव्या वाहिन्या घाईने बांधलेल्या, गळक्या असतात; पेशींना तेथून आत जाणे सोपे पडते.

चौथा टप्पा प्रवाहात टिकण्याचा. रक्तप्रवाहाचा वेग व घर्षण, तसेच शरीराच्या संरक्षक पेशी यांपुढे बहुतेक कर्कपेशी नष्ट होतात. काहींभोवती प्लेटलेट या नावाने परिचित असलेल्या रक्तबिंबिकांचे कवच तयार होते आणि त्या बचावतात. कर्कपेशी साधारण १५ ते २० मायक्रोमीटर रुंद, तर केशवाहिनी ५ ते १०; त्यामुळे पुष्कळ पेशी पहिल्याच केशवाहिनीच्या जाळ्यात अडकतात.

पाचवा टप्पा बाहेर पडून रुजण्याचा. येथे पॅजेट यांची भूमी निर्णायक ठरते. परक्या ऊतीत पोचलेली पेशी मरू शकते, वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकते किंवा वाढू लागते. स्तनाच्या कर्करोगात उपचारानंतर दहा-दहा वर्षांनी हाडांत गाठ आढळते, ती अशा निद्रिस्त पेशींमुळे.

हे टप्पे डोळ्यांपुढे आले की रुग्णाच्या मनातील दोन टोकाच्या कल्पना आपोआप ढिल्या होतात. 'अजून काही दुखत नाही, म्हणजे पसरलेला नाही' ही एक. आणि 'कर्करोग म्हटला की तो सगळीकडे गेलेलाच' ही दुसरी. प्रसार हा अडथळ्यांनी भरलेला प्रवास आहे, तो वेदनेशिवाय होतो आणि त्याला वेळ लागतो. हा वेळच चिकित्सेची संधी आहे.

चित्र कोठे फसविते

जे साधन प्रभावी असते त्याचे दोषही प्रभावी असतात. पडद्यावर दिसलेले खरेच वाटते, कारण ते डोळ्यांनी पाहिलेले असते. ॲनिमेशन दाखविण्यापूर्वी वैद्याने त्यातील चार दोष ओळखून ठेवावेत.

पहिला दोष काळाचा. वर्षानुवर्षांची क्रिया तीन मिनिटांत उरकते. प्रचलित हिशेबानुसार एक सेंटिमीटर गाठीत सुमारे १०० कोटी पेशी असतात आणि एका पेशीपासून तेथवर पोचण्यास सुमारे ३० वेळा दुपटीने वाढ व्हावी लागते. पडद्यावर हे क्षणात घडते व रुग्णाला वाटते की आज संध्याकाळपर्यंत रोग डोक्यात जाईल. या घबराटीत तो एकतर चुकीच्या ठिकाणी धावतो किंवा हातपाय गाळून बसतो.

दुसरा दोष मोकळ्या जागेचा. चित्रात पेशीच्या आत व बाहेर प्रशस्त अवकाश दिसतो. प्रत्यक्षात तेथे प्रथिनांची आणि पाण्याच्या रेणूंची दाटी असते व प्रत्येक कण उष्णतेच्या धक्क्यांनी सतत थरथरत असतो. 'इनर लाइफ ऑफ द सेल' मध्ये ओझे वाहणारे एक प्रथिन संथ पावले टाकीत चालताना दिसते. वस्तुतः त्याची चाल बरीच अडखळती असते, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. पुढे त्याच परंपरेतील 'प्रोटीन पॅकिंग' या चित्रफितीत ही दाटी आणि थरथर दाखविण्याचा प्रयत्न झाला.

तिसरा दोष हेतूचा. चित्रातील कर्कपेशी जणू विचार करून, वाट शोधून, अवयव निवडून जाते. काही चित्रफितींत तर तिला डोळे आणि दात काढलेले असतात. पेशीला हेतू नसतो. अब्जावधी पेशींत यदृच्छेने उत्परिवर्तने होतात. त्यांतील ज्यांना टिकून राहण्याची सोय मिळते त्या टिकतात. शत्रूचे रूपक रुग्णाच्या मनात 'माझ्या शरीरानेच माझ्याशी वैर केले' किंवा 'हे पूर्वकर्माचे फळ आहे' अशा भावनेला खतपाणी घालते.

चौथा आणि सर्वांत मोठा दोष यशाचा. चित्रपट नेहमी नायकाच्या मागे जातो. हा चित्रपट यशस्वी कर्कपेशीच्या मागे जातो. ज्या वाटेत मेल्या त्या दिसत नाहीत. फिडलर यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किरणोत्सर्गी खूण केलेल्या मेलानोमाच्या पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या होत्या. २४ तासांनंतर हजारात एकाहूनही कमी पेशी जिवंत होत्या, आणि दुय्यम गाठ निर्माण करू शकल्या त्या दहा हजारांत एकाहून कमी. हे एक वाक्य रुग्णाला सांगितले की चित्राचा तोल पुष्कळ सावरतो. मात्र त्यापुढचेही वाक्य सांगावे : गाठ जितके दिवस राहील तितके दिवस ती नव्या पेशी प्रवाहात सोडीत राहते, म्हणून एकाच पेशीचे यशही पुरेसे ठरते.

मानेची शस्त्रक्रिया कशासाठी?

आरंभीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. तोंडाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीतही दिसत नाही. तरी शस्त्रकर्मतज्ज्ञ मानेतील लसीकाग्रंथी काढण्याचा सल्ला देतात. असे कित्येक रुग्ण या सल्ल्याने बिथरून आपल्याकडे येतात.

या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच मिळाले आहे. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयात प्राथमिक अवस्थेतील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटात मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात मानेवर लक्ष ठेवून, तेथे रोग दिसला तरच त्या काढल्या. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये प्रसिद्ध केले. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते. दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के. म्हणजे आधीच ग्रंथी काढलेल्या दर आठ रुग्णांमागे एकाचा प्राण अधिक वाचला.

ही आकडेवारी रुग्णाला ऐकविली तर तो मान डोलावतो, पण त्याला पटलेले नसते. 'न लागणाऱ्या गाठीत रोग असतोच कसा?' हा प्रश्न शिल्लक राहतो. येथे ॲनिमेशन कामास येते. गालाच्या त्वचेतून सुटलेल्या मूठभर पेशी लसीकावाहिनीतून मानेच्या ग्रंथीत पोचलेल्या दिसतात. ग्रंथीचा आकार मात्र बदललेला नसतो. हाताला जाणवण्यापूर्वी, यंत्राला दिसण्यापूर्वी रोग तेथे असू शकतो, हे त्या एका दृश्यात कळते. लवकरच्या अवस्थेतील अशा रुग्णांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांच्या मानेत हा लपलेला प्रसार असतो.

सुईची भीती

दुसरा प्रश्न सुईचा. सुईने गाठीचा तुकडा घेतल्याने रोग पसरतो, हा समज खेड्यांत आणि शहरांत सारखाच दृढ आहे. सुईच्या मार्गात पेशी पडून तेथे गाठ होणे अशक्य नाही. यकृताच्या कर्करोगात असे घडल्याच्या नोंदी आहेत, आणि वृषणातील संशयित गाठीत सुई घालणे शस्त्रकर्मतज्ज्ञ स्वतःच टाळतात. परंतु एकूणात हे विरळ आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी २०१५ मध्ये अमेरिकेत तपासल्या गेल्या; त्यांत आधी सुईने तपासणी झालेल्यांचे आयुष्य इतरांहून कमी आढळले नाही, उलट काहीसे अधिकच होते. सुईने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे; पण सुईने हानी होते हे मत या नोंदींपुढे टिकत नाही.

चित्र दाखविताना येथे थांबून सांगावे की वाहिनीत पेशी पडणे ही प्रसाराची केवळ एक पायरी आहे. पुढच्या साऱ्या पायऱ्या उरतातच. शिवाय गाठ तर सुईविनाही रोज पेशी सोडीत असते. सुई टाळून केवळ निदान लांबते. गाठीचे काम चालूच राहते.

आपल्या परिभाषेशी नाते

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन आहे : स्थिर, मंद वेदनेचे, मोठे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे व न पिकणारे. आधीच्या अर्बुदावर उत्पन्न होणारे ते अध्यर्बुद, आणि एकाच वेळी वा क्रमाने जोडीने उद्भवणारे ते द्विरर्बुद, असेही भेद तेथे दिले आहेत. चिकित्सास्थानात अर्बुदाचा काही अंश शिल्लक ठेवला तर ते पुन्हा लवकर उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, असा स्पष्ट आदेश आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानात शरीरावयव परमाणुभेदाने अगणित, अतिसूक्ष्म आणि इंद्रियांना अगोचर असल्याचे सांगितले आहे. विमानस्थानात स्रोतोदुष्टीच्या लक्षणांत विमार्गगमन गणले आहे.

ही स्थळे वाचताना आपल्याला ओळखीची वाटतात आणि 'हे सर्व आमच्याकडे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. अध्यर्बुद म्हणजेच मेटास्टॅसिस, विमार्गगमन म्हणजेच कर्कपेशींचे स्थलांतर, अशी समीकरणे मांडल्याने दोन्ही शास्त्रांचे नुकसान होते. आचार्यांनी जे पाहिले ते नुसत्या डोळ्यांनी व हाताने, आणि ते अचूक पाहिले. पेशी त्यांच्यापुढे नव्हती. मात्र समजावून सांगण्यासाठी हीच परिभाषा फार उपयोगी आहे. गर्भोत्पत्तीसाठी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज ही सामग्री शिकलेल्या वैद्याला पॅजेट यांचे बीज आणि भूमी समजण्यास क्षणही लागत नाही. आणि शेतकऱ्याला तर ते सांगावेही लागत नाही. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत पुढे कोठे कोठे पोचले, हे त्याने पाहिलेले आहे. फुलावर येण्यापूर्वी उपटायचे असते, हेही त्याला ठाऊक आहे.

निःशेष काढण्याचा सुश्रुतांचा आदेश तर आजही तितकाच लागू आहे. मानेची शस्त्रक्रिया नाकारणाऱ्या रुग्णाला हा आदेश वैद्याच्या तोंडून ऐकण्याचे मोल वेगळे आहे.

चिकित्सालयात वापर

प्रत्यक्ष वापराविषयी काही सूचना अनुभवी चिकित्सकांना उपयुक्त ठरतील.

चित्रफीत विद्यापीठाची, रुग्णालयाची किंवा संशोधनसंस्थेची निवडावी. औषध विकणाऱ्याची नको. लांबी तीन मिनिटांहून अधिक नसावी. आधी स्वतः दोनदा पाहून थांबण्याच्या जागा ठरवाव्यात. बहुतेक चित्रफितींचे निवेदन इंग्रजी असते आणि पार्श्वसंगीत भयपटाचे. म्हणून आवाज पूर्ण बंद करावा व आपण मराठीत बोलावे. बहुमाध्यम शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड मेयर यांनी दाखवून दिले आहे की चित्राबरोबर बोललेला शब्द हा चित्राबरोबर छापलेल्या शब्दापेक्षा अधिक परिणाम करतो, आणि लहान लहान भागांत दिलेली माहिती सलग माहितीपेक्षा चांगली समजते.

रुग्णाची अनुमती आधी घ्यावी. काहींना हे पाहावयाचे नसते. त्यांच्यावर लादू नये. शक्यतो घरातील निर्णय घेणारी व्यक्ती सोबत असावी. ज्यांचा रोग दूरवर पोचलेला आहे, त्यांना हे चित्र दाखविण्यात औचित्य नाही. त्यांना वेदनाशमनाची व आधाराची गरज असते.

निवेदनाचा एक नमुना देतो. "काका, ही तुमच्या गालाच्या आतली कातडी समजा. खाली हा पातळ पडदा आहे, शेताच्या बांधासारखा. जखम या बांधाच्या पलीकडे गेली आहे, असे तुमच्या तपासणीत आले आहे." येथे थांबावे. "आता ही बारीक नळी मानेकडे जाते. या दोन-चार पेशी तिथे पोचल्या, तरी मानेला गाठ लागत नाही, दुखतही नाही. हे चित्रात पटकन दिसते, पण प्रत्यक्षात हळूहळू चालते, म्हणून आपल्या हाती वेळ आहे." पुन्हा थांबावे. "यातल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात. पण एखादी रुजते. ती रुजण्याआधी शेत साफ करायचे, म्हणून मानेची शस्त्रक्रिया."

शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा : "घरी गेल्यावर मुलाला काय सांगाल, ते मला सांगा बरे." रुग्ण जे सांगेल त्यावरून त्याला काय समजले ते कळते. 'आजच डोक्यात जाईल' असे तो म्हणाला, तर काळाचा दोष त्याच्या मनात शिरला आहे; तो तेथेच दूर करावा. वीज नसेल, पडदा नसेल, तर हेच पाच टप्पे कागदावर काढून दाखवावेत. ते कमी परिणामकारक होत नाहीत.

चित्र दाखविणे हे निदानानंतरचे काम आहे. आधीचे काम त्याहून मोलाचे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा मुखातील व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरेसे न उघडणे, मानेत किंवा स्तनात नव्याने लागलेली गाठ अशा रुग्णाला गंडूष, प्रतिसारण, लेप किंवा मर्दन यांत महिने घालवू न देता प्रथम ऊतितपासणीसाठी पाठवावे. अनिदानित व्रणावर क्षारकर्म वा अग्निकर्म करू नये.

औषधनिर्मात्यांसाठी दोन शब्द

ॲनिमेशन जितके शिकवू शकते, तितकेच ते विकूही शकते. एखाद्या वनस्पतीचे हिरवे किरण कर्कपेशींना वितळवीत आहेत, असे दृश्य तयार करणे आज कठीण राहिलेले नाही. पाहणाऱ्याला विद्यापीठाची चित्रफीत आणि जाहिरात यांतील भेद कळत नाही. दोन्हींत पेशी तितक्याच खऱ्या दिसतात.

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांसंबंधीच्या आक्षेपार्ह जाहिरात अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. त्यावर औषध असल्याची जाहिरात या अधिनियमाने निषिद्ध आहे. 'जाहिरात' या शब्दाची व्याख्याही तेथे व्यापक आहे : सूचना, पत्रक, वेष्टन यांबरोबरच प्रकाश, ध्वनी वा धूर यांद्वारे केलेली घोषणाही तिच्यात मोडते. हलते चित्र या व्याख्येबाहेर नाही. औषधालयाच्या दर्शनी भागात अशी चित्रफीत लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कायद्याहून मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. खोट्या चित्राने विकलेल्या एका बाटलीमुळे ज्याची शस्त्रक्रियेची वेळ टळली, त्याचे कुटुंब पुन्हा आयुर्वेदाच्या दारात येत नाही. उलटपक्षी, ज्याला योग्य वेळी योग्य दारी पाठविले, तो उपचारांनंतर भूक, निद्रा, बल यांसाठी, मुखशोषासाठी आपल्याकडेच परत येतो. तेव्हा चालू असलेल्या उपचारांची माहिती घेऊन, संबंधित तज्ज्ञाच्या संमतीने आपण त्याच्यासाठी पुष्कळ करू शकतो.

प्रसार हा डोळ्यांना न दिसणारा प्रवास आहे. तो रुग्णाला दिसावा यासाठी साधन मिळाले आहे, आणि त्याच्याशी बोलण्याची भाषा आपल्यापाशी पूर्वीपासून आहे. या दोहोंचा मेळ घातला तर 'मान कशासाठी कापायची?' असे विचारणारा रुग्ण आपल्या चिकित्सालयातून बाहेर पडताना पुढील तपासणीची तारीख ठरवूनच बाहेर पडेल. सभासद वैद्यांनी आपापल्या चिकित्सालयात हा प्रयोग करून पाहावा.